आधी विहीर, मग देऊळ

रोम, 14 ऑक्टोबर

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. बाबांच्या मोतीबिंदूला आठच दिवस झालेत, मोबाइलकडे बघायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. आणि व्हिडिओ कॉलवर आई माझ्यामागचं काही बघतच नाही, "बारीक झालीस" एवढंच म्हणते. म्हणून यावेळी फोटो नाहीत, लिहूनच पाठवते. आईने वाचायचं, बाबांनी डोळे मिटून ऐकायचं. (कंसातलं फक्त तुझ्यासाठी, आई. ते मोठ्याने वाचू नकोस.)

शनिवारी ओर्विएतोला जाऊन आले. रोमहून फ्लोरेन्सच्या वाटेवर, साध्या गाडीने दीडेक तास. बरोबर ऑफिसातली केरळची मैत्रीण होती. स्टेशन खाली सपाटीवर आणि गाव वर. वर म्हणजे कसं, तर चहूबाजूंनी ताशीव कडा, माथा सपाट, आणि त्या माथ्यावर पार कडेपर्यंत घरांना घरं लागलेली. बाबा, अजिंक्यताऱ्यावर अख्खा सातारा उचलून नेऊन बसवला तर खालून दिसेल तसं. दगड मात्र आपल्यासारखा काळा नाही. ज्वालामुखीची राख घट्ट होऊन झालेला आहे, तुफा म्हणतात. पिवळसर तपकिरी, आणि जांभ्यासारखा कापता येणारा.

वर जायला चढ चढावा लागत नाही, हे आधी सांगून टाकते. स्टेशनच्या समोरूनच केबलने ओढली जाणारी रेल्वे आहे. दोन डबे, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, मध्यावर एकमेकांना बगल देतात. दोन-तीन मिनिटांत माथ्यावर. ही 1888 साली सुरू झाली तेव्हा वीज नव्हती, पाण्यावर चालायची. वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरायचं, तो जड होऊन खाली यायला लागला की खालचा आपोआप वर ओढला जायचा. खाली पोचल्यावर पाणी सोडून द्यायचं. आपल्या मोटेत बैल उतारावर गेला की पाणी वर यायचं. इथे पाणी उतारावर गेलं की माणसं वर यायची! 1970 मध्ये बंद पडली आणि 1990 मध्ये विजेवर पुन्हा सुरू झाली. तुम्ही असतात तर खालच्या स्टेशनातच अर्धा तास गेला असता, आणि आई "अहो, चला" म्हणत पुढे निघून गेली असती.

वर उतरल्यावर सगळी माणसं देवळाकडे, म्हणजे इथल्या मोठ्या चर्चकडे, जाणाऱ्या छोट्या बसमध्ये चढली. मी नाही चढले. बाबा, दर गडावर तुम्ही आम्हाला काय विचारायचात? "पाणी कुठंय?" दरवाजा नाही, बुरूज नाही, आधी टाकं शोधायचं. गडावर आधी पाणी बघावं, मग बांधकाम करावं, हे आज्ञापत्रातलं सांगणं तुम्ही आम्हाला इतक्यांदा ऐकवलंय की दादा झोपेत बडबडायचा. तर इथे वरच्या स्टेशनजवळच एक विहीर आहे, आणि मी आधी तिथे गेले. मैत्रिणीने कपाळाला हात लावला.

1527 साली सम्राट पाचव्या चार्ल्सच्या पगार थकलेल्या सैन्याने रोम लुटलं. पोप सातवा क्लेमेंट काही महिने किल्ल्यात अडकून पडला, मग वेषांतर करून निसटला आणि या कड्यावर येऊन राहिला. (इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे वकील आपल्या राजासाठी सोडचिठ्ठी मागायला इथेच आले होते. स्वतः निर्वासित, वर लोकांची सोडचिठ्ठी निस्तरायची. तुला आवडेल म्हणून लिहिलं.) कडा अभेद्य होता, पण वेढा पडला तर प्यायचं काय? माथ्यावर पाणी अपुरं. तेव्हा त्याने आंतोनिओ दा सांगाल्लो या वास्तुकाराला विहीर खणायला लावली. पाणी लागलं 53 मीटरवर, म्हणजे पावणेदोनशे फुटांच्या आसपास. काम पुरं व्हायला 1537 उजाडलं. तोवर क्लेमेंट वारला होता आणि पुढचा पोप गादीवर होता. ज्याने खणायला लावली, त्याला तिचं पाणी चाखायला मिळालं नाही.

आता खरी गंमत. पाणी वर आणायचं खेचरांच्या पाठीवर. रहाट किंवा मोट नाही, खेचर स्वतःच तळापर्यंत जाणार. एकच जिना केला असता तर उतरणारं आणि चढणारं खेचर मधेच समोरासमोर येऊन अडून बसलं असतं. म्हणून सांगाल्लोने विहिरीभोवती दोन गोल जिने केले, एकात एक गुंफलेले, पण कुठेही न मिळणारे. एकाने उतरायचं, तळाशी छोटा पूल ओलांडायचा, दुसऱ्याने वर यायचं. दोन दोरे एकमेकांना पीळ देऊन वळतो ना, तसं. दोघांची दारंसुद्धा वेगळी. प्रत्येक जिन्याला 248 पायऱ्या. पण पायऱ्या म्हणजे आपल्या गडाच्या नव्हेत. रुंद, बुटक्या, खेचराच्या पावलाच्या बेताच्या. माणसाला एका पायरीवर दीड पाऊल पडतं आणि लय सारखी चुकते.

विहिरीच्या गोल भिंतीत 70 खिडक्या आहेत, जिन्यात उजेड यावा म्हणून. वर ऊन लागत होतं. वीस-पंचवीस पायऱ्यांत गारवा, आणखी खाली गेल्यावर भिंतीला ओल, आणि मग पाण्याचा तो वास. ओल्या दगडाचा, थोडा शेवाळाचा. आपल्या साताऱ्याजवळच्या लिंब गावच्या विहिरीत उतरताना येतो, अगदी तोच. वरचा भाग तुफा कोरून काढलाय, खाली माती लागली तिथून विटांनी बांधत नेलंय. तो बदल हाताला कळतो. बोटं भिंतीवरून फिरवत उतरले, खरखरीत होतं ते एकदम विटांच्या सांध्यांचं झालं.

मी वरच पाटी वाचत थांबल्याने मैत्रीण पुढे गेली होती. अर्ध्यावर एका खिडकीतून डोकावले तर समोरच्या खिडकीत ती! माझ्याच उंचीवर, चेहरा स्पष्ट दिसत होता, हाक मारली तर आवाज घुमत खालपर्यंत गेला. पण ती चढत होती आणि मी उतरत होते. हात हलवला, दोन पावलं टाकली, पुढच्या खिडकीत ती थोडी वर, मी थोडी खाली. मला तुमच्या दोघांचं आठवलं. बाबा ड्यूटीवरून सकाळी घरी यायचे तेव्हा आई शाळेत निघालेली असायची, आणि फाटकात फक्त "भाजी झाकून ठेवलीय" एवढंच व्हायचं. कित्येक वर्षं तुम्ही दोघं अशाच जिन्यांवर होतात.

लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीशी तुलना केल्याशिवाय बाबांना चैन पडणार नाही, म्हणून तीही करते. खोलीत त्यांनी मारली, आपली 110 फूट. रुंदीत आपण मारली, त्यांची 13 मीटर म्हणजे 43 फुटांच्या आत, आपली 50. बांधकाम त्यांचं जवळजवळ 200 वर्षं जुनं. पण नाव बारा मोटेचं आणि मोटा पंधरा, असला हिशेब त्यांना जमलेला नाही. त्यांच्या विहिरीचं नाव सेंट पॅट्रिकची विहीर, पोत्झो दी सान पात्रित्सिओ. इटालियनमध्ये ही म्हणच झालीय. बाप पोराला म्हणतो, मी काय सान पात्रित्सिओची विहीर आहे का? म्हणजे आपल्याकडचं "माझ्याकडे पैशाचं झाड आहे का?" बाबांच्या तोंडून ते किती वेळा ऐकलं याची मोजदाद नाही. सायकलच्या वेळी तर दोनदा.

दारावर लॅटिनमध्ये कोरलंय त्याचा अर्थ साधारण असा, की संरक्षणासाठी निसर्गाने जे द्यायचं नाकारलं, ते माणसाच्या उद्योगाने भरून काढलं.

देवळाबद्दल आता आईसाठी. गल्ली अरुंद, दोन्हीकडे त्याच तपकिरी दगडाची घरं, आणि वळण घेतलं की एकदम समोर हे उभं. मी खरोखर मागे सरकले. बाजूच्या भिंती पांढऱ्या आणि काळसर दगडाच्या आडव्या पट्ट्यांच्या, थरावर थर. दर्शनी भाग मात्र सोन्याचा वाटावा असा, रंगीत काचेच्या बारीक तुकड्यांच्या चित्रांनी भरलेला. तोंड पश्चिमेला, त्यामुळे दुपार कलली की त्यावर ऊन येतं. समोरच्या दगडी कट्ट्यावर तासभर बसले होते. आई, कट्टा लक्षात ठेव, पुढे कामाला येईल.

पायाचा दगड 1290 सालचा. त्यामागची कथा अशी. 1263 मध्ये एका पाद्र्याच्या मनात शंका आली की प्रसादाच्या भाकरीत देव खरंच असतो का. जवळच्या बोल्सेना गावात पूजा करताना त्या भाकरीतून रक्त ठिबकलं आणि खालचा कपडा भिजला. तो कपडा इथे ठेवलाय. मैत्रीण सीरियन ख्रिश्चन, ती बराच वेळ तिथे डोळे मिटून उभी राहिली. मी चपला काढायच्या राहिल्या म्हणून उगाच अवघडले.

उजवीकडच्या छोट्या चॅपलमध्ये लुका सिन्योरेल्लीची भित्तिचित्रं आहेत, 1499 ते 1504 मधली. जगाचा अंत झाल्यावर मेलेली माणसं जमिनीतून वर येतायत असं चित्र. आपण पोहण्याच्या टाकीच्या काठावर हात रोवून अंग वर ओढतो ना, तशी ती पांढऱ्या सपाट जमिनीतून स्वतःला उपसून काढतायत. काही नुसते सांगाडे, अजून मांस चढायचंय. एक जण वर आलाय आणि गुडघ्यावर हात टेकून दम खातोय. (आई, गुडघा धरून उठतेस तेव्हा तू अशीच दिसतेस. रागावू नकोस.) भीती घालण्यासाठी काढलेलं आहे, पण मला ते मेहनतीचं चित्र वाटलं.

देवळाजवळच्या मनोऱ्यावर कांशाचा एक माणूस उभा आहे. 1348 पासून हातोड्याने घंटेवर तास वाजवतोय. त्याच्या कमरपट्ट्यावर तो घंटेला म्हणतो, तुझं माझं ठरलंय, ओरडायचं तू आणि काम करायचं मी. यावर मी काही बोलत नाही. तुम्ही दोघं आपापसात ठरवा, कोण कोण ते.

दुपारी गावाच्या पोटात उतरले. अडीच हजार वर्षं लोक स्वतःच्या घराखालचा दगड पोखरत आलेत, बाराशेच्या वर पोकळ्या आहेत म्हणे. एका गुहेत भिंतभर चौकोनी कोनाडे, आपल्या देवळ्यांएवढे, शेकड्यांनी. त्यात कबुतरं पाळायचे. कड्याच्या बाजूला खिडकी ठेवली की ती बाहेर जाऊन स्वतःच चरून येतात, वेढा पडला तरी जेवायला घरची कबुतरं. अजून हॉटेलात मिळतात. मी घेतलं नाही.

घेण्याचा प्रश्नच नव्हता म्हणा, कारण बाहेर आले तेव्हा सव्वातीन वाजले होते आणि सगळ्या स्वयंपाकघरांना कुलूप. एका बाईंनी साडेसातला या असं अगदी प्रेमाने सांगितलं. या गावात घाई न करणाऱ्या शहरांच्या संघटनेचं, चित्तास्लोचं, मुख्यालयच आहे, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार? पेन्शनरांचं गाव म्हणून साताऱ्याचं नाव त्यांना सुचवावं म्हणते. शेवटी किराणा दुकानातून पाव आणि टोमॅटो घेऊन बाकावर बसलो. पाव अळणी, इथे मीठ घालतच नाहीत. बाबांच्या बीपीला उत्तम. पिशवीत तुझ्या शेंगदाण्याच्या चटणीची पुडी होती, तिने लाज राखली. रात्री मात्र उंब्रिकेल्ली खाल्ली. नुसतं पीठ आणि पाणी, अंडं नाही, हातावर वळलेली. तुझ्या शेवया चांगल्या पेन्सिलीएवढ्या जाड झाल्या तर होतील तशी.

आता मुद्द्याचं. मी मेपर्यंत इथे आहे. "आता कुठे एवढ्या लांब" हे बाबांचं वाक्य मला पाठ आहे, आणि आईचा गुडघाही माहीत आहे. म्हणूनच हे गाव पायऱ्या मोजत बघून आले. स्टेशनातून केबलगाडी, वरून देवळापर्यंत बस. आईला एकही चढ लागत नाही. फक्त रस्ते दगडी फरशांचे आहेत, म्हणून चप्पल नको, ते पांढरे बूट. बाबा आणि मी विहिरीत उतरू तोवर आई त्या कट्ट्यावर उन्हात बसेल. एप्रिलमध्ये थंडी सोसवेल अशी असते. बाबांचा पासपोर्ट जूनमध्ये संपलाय, तो दादाबरोबर जाऊन आधी नवा करा. फोटो काढताना चष्मा नको.

खिडक्या 70 आहेत असं सगळीकडे लिहिलंय. मी उतरताना आणि चढताना दोन्ही वेळा मोजल्या, एकदा 66 आल्या आणि एकदा 71.

तुमची,
चिमी

ता. क. आई, डोळ्यात थेंब घालताना बाबा "घातले, घातले" म्हणतील. बाटली उजेडात धरून बघत जा.