नकाशा सेंटिमीटरचा हवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्वयंचलित मोटारींच्या चर्चेत कॅमेरे येतात, संगणक येतो. नकाशा कुणालाच आठवत नाही. मोबाइलचे जीपीएस मोकळ्या आकाशाखालीही काही मीटर चुकते, आणि महामार्गाची मार्गिका असते ३.५ मीटरची. गाडी कोणत्या मार्गिकेत आहे, हेच त्यावरून ठरत नाही. म्हणून लेसर स्कॅनरची गाडी फिरवून पट्टे, दुभाजक, कठडे, फलक, चढ आणि वळणांचा बाक १०-२० सेंटिमीटरच्या अचूकतेने नोंदवावा लागतो. धावती मोटार समोरचे फलक-कठडे या नोंदींशी जुळवून आपली जागा ओळखते.

पुणे-सातारा मार्गावर खरी परीक्षा खंबाटकी घाटातल्या जुन्या बोगद्याची. आत उपग्रहाचा संकेत पोचत नाही. चाकांचे फेरे मोजून अंदाज चालतो आणि चूक साचत जाते. बाहेर पडल्यावर लगेच वळणे! भिंतींवर ठरावीक अंतराने परावर्तक खुणा लावून त्या नकाशात घातल्या, तर चूक आतच दुरुस्त होईल.

त्याहून मोठा घोटाळा पर्यायी वळणांचा. काम निघाले की मार्गिका सरकते, जुने पट्टे मात्र तसेच. नकाशा आणि रस्ता दोन्ही चुकीचे सांगतात. काम सुरू होण्यापूर्वी वळणाची सुरुवात, शेवट, उरलेल्या मार्गिका व वेगमर्यादा नकाशा करणाऱ्यांना कळवणे आणि जुने पट्टे खरवडून काढणे ठेकेदाराला निविदेतच सक्तीचे करा. २०२१ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार १ मीटरहून अचूक नकाशे भारतीय संस्थांनीच करायचे आहेत. साताऱ्याच्या सर्वेक्षकांना हे काम मिळावे.

– एक सर्वेक्षक, सातारा