मानसिक आजार असलेल्या बाईचीही पाळी जाते

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या महिला पुरवणीत पाळी जाण्याच्या वयावर आलेला लेख वाचला. अंगातून निघणाऱ्या वाफा, रात्रीचा घाम, झोपमोड, सांधेदुखी, चिडचिड, सगळं त्यात नीट सांगितलं आहे आणि शेवटी संकोच न करता डॉक्टरांशी बोला, असा सल्ला दिला आहे. मी बोलले होते. मानसिक आजाराच्या गोळ्या चालू असलेली बाई बोलते तेव्हा पुढे काय होतं, ते मात्र लेखात कुठेच नव्हतं. म्हणून हे पत्र.

माझं वय एकोणपन्नास. बायपोलरचं, म्हणजे मन कधी अतिउत्साहाच्या तर कधी खोल उदासीच्या टोकाला नेणाऱ्या आजाराचं, निदान होऊन वीसेक वर्षं झाली. मन स्थिर ठेवणारं लिथियम हे औषध चालू आहे, त्याची रक्तातली पातळी वेळच्या वेळी तपासते, पतसंस्थेत कॅशवर बसते. आजार ताब्यात आहे हे मी अभिमानाने सांगते, कारण त्यामागे माझी आणि घरच्यांची वर्षानुवर्षांची मेहनत आहे. दोनेक वर्षांपूर्वी पाळी मागेपुढे व्हायला लागली. कधी दोन-दोन महिने पत्ता नाही, कधी पंधरा दिवसांत परत. मग वाफा सुरू झाल्या. काउंटरवर नोटा मोजताना छातीतून ऊब वर चढायची, कानशिलं तापायची आणि बोटं इतकी ओली व्हायची की नोटा एकमेकींना चिकटायच्या. समोर खातेदार उभा, आणि मी पदराने हात पुसतेय. रात्री गाऊन बदलायचा, उशीचा अभ्रा पालटायचा, जरा डोळा लागला की तासाभरात पुन्हा तेच.

स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. केसपेपरवर चालू औषधं विचारली होती, ती मी खरीखुरी लिहिली. डॉक्टरांनी लिथियम वाचलं आणि पेन खाली ठेवलं. शेवटची पाळी कधी आली, हेसुद्धा विचारलं नाही. माझ्याकडे न बघता माझ्या यजमानांना विचारलं, "गोळ्या वेळेवर घेतात ना?" मी समोरच्या खुर्चीत बसले होते. मग सांगितलं की टेन्शनने होतं असं, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. तिकडे गेले तर झोपेची गोळी वाढवून मिळाली आणि पाळीचं काय ते स्त्रीरोगवाल्यांना विचारा, असं उत्तर मिळालं. घाम तसाच राहिला, सकाळी डोकं मात्र जड. माझ्या जाऊबाई त्याच दवाखान्यात, त्याच तक्रारी घेऊन गेल्या होत्या. त्यांना पाळीचा इतिहास विचारला, थायरॉइड तपासायला सांगितलं, उपाय समजावून दिले. आम्हा दोघींत फरक होता तो केसपेपरवरच्या एका ओळीचा.

याचा मला राग येतो, आणि तो राग म्हणजे आजाराचं लक्षण नव्हे.

आता हे का गंभीर आहे ते सांगते. बायपोलरमध्ये झोप ही सगळ्यात जपायची गोष्ट. सलग काही रात्री झोप मोडली की मॅनिया, म्हणजे अतिउत्साहाचा झटका, उसळू शकतो, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. मग रात्रीच्या घामाने रोज झोप मोडत असेल तर त्या घामावर इलाज करणं हा मानसिक आजाराच्या उपचाराचाच भाग झाला. तिकडे 'किरकोळ बायकी तक्रार' म्हणून बघून कसं चालेल?

दुसरं, लिथियममुळे थायरॉइड मंदावू शकतं आणि चाळिशी ओलांडलेल्या बायकांमध्ये ते जास्त दिसतं. थकवा, वजन वाढणं, पाळी बिघडणं, मन उदास होणं हे त्यानेही होतं. एक साधी रक्ततपासणी केल्याशिवाय 'टेन्शन' म्हणायचा कुणाला अधिकार नाही. तिसरं त्याहून धोक्याचं. या वयात सांधे दुखतात म्हणून बायका मेडिकलमधून आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या आणून घेतात. लिथियमवर असलेल्या बाईने त्या घेतल्या तर रक्तातलं लिथियम वाढू शकतं. हात थरथरणं, उलट्या, तोल जाणं, इथपर्यंत मजल जाते. घाम खूप येऊन पाणी कमी पडलं तरी पातळी चढते. दुखणं कुणी ऐकूनच घेतलं नाही तर बाई मेडिकलमध्येच जाणार ना?

आमच्या आधारगटातल्या एका मैत्रिणीची पाळी चाळिशीच्या सुमारास थांबली. ती रिस्पेरिडोन ही मानसिक आजारावरची गोळी घेते. त्या गोळीने प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढून पाळी बंद पडू शकते. पण गोळीमुळे थांबली की वयामुळे, याचा शोध कुणी घेतला नाही. पाळी लवकर गेली तर हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो, तेव्हा ही चौकशी तिच्या हक्काची होती. आणखी एकीला व्हेनलाफॅक्सिन या नैराश्यावरच्या औषधाने घाम येत होता आणि ती बिचारी समजत होती की पाळी जातेय. गंमत अशी की काहीजणींना वाफा कमी करायला हेच औषध देतात. म्हणजे अंदाजाने भागत नाही, बाईला नीट विचारावं लागतं.

माझा आग्रह सगळं काही पाळीवर ढकलावं असा नाही. या वयात मूळ मानसिक आजारही उचल खाऊ शकतो, स्त्रियांमध्ये स्किझोफ्रेनिया पंचेचाळिशीनंतर नव्याने सुरू झाल्याचीही उदाहरणं असतात. दोन्ही शक्यता तपासा, एवढंच म्हणणं आहे.

मला शेवटी जिल्ह्याच्या गावी एक डॉक्टर भेटल्या. त्यांनी माझी वही मागून घेतली, ज्यात मी पाळीच्या तारखा, वाफा आणि झोपेचे तास लिहून ठेवले होते. थायरॉइड तपासलं, मॅमोग्राफी केली आणि माझ्या देखत माझ्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला. पाच-सात मिनिटं बोलल्या असतील. मग हार्मोनचं औषध सुरू झालं. ते प्रत्येकीला चालत नाही, स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या किंवा रक्ताच्या गाठी झालेल्या बायकांना सहसा देत नाहीत. बायपोलरवरचंच लॅमोट्रिजिन हे औषध घेणारीला इस्ट्रोजेन हे हार्मोन दिलं तर लॅमोट्रिजिनची पातळी उतरू शकते. म्हणूनच तो फोन लागतो. मी आता रात्री झोपते.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २१ मध्ये लिहिलं आहे की मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला सर्व आरोग्यसेवांमध्ये शारीरिक आजार असलेल्यांच्या बरोबरीने वागवलं पाहिजे. सर्व आरोग्यसेवांमध्ये स्त्रीरोग ओपीडीही आली. जिल्हा रुग्णालयात दोन्ही ओपीडी बहुतेक एकाच आवारात असतात. आठवड्यातून एक दिवस दोघा डॉक्टरांनी अशा बायकांना एकत्र तपासलं, तर खेड्यातून एसटीने येणाऱ्या बाईचे किती हेलपाटे वाचतील. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षं राहणाऱ्या बायकांची पाळी कशी जाते, त्यांच्या अंगातून वाफा निघतात तेव्हा त्या कुणाला सांगतात, हे तर आपण कधी विचारतच नाही.

१० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन आणि १८ ऑक्टोबरला जागतिक रजोनिवृत्ती दिन असतो. आपण दोन्हींवर लेख छापता. या वर्षी त्या आठवड्यात एक स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एक मानसोपचारतज्ज्ञ यांना एकत्र बसवून वाचक बायकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला लावा, अशी विनंती आहे. पहिला प्रश्न मी पाठवते.

आपली नम्र,
एक वाचक, सांगली जिल्हा
(पतसंस्थेत नोकरी असल्याने नाव छापू नये, ही विनंती.)