बाबांच्या खांद्याच्या शस्त्रक्रियेविषयी

कोथरूड, पुणे

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

येथील डॉक्टरांनी एमआरआय पाहून दुर्बिणीतून हाड तासण्याची शस्त्रक्रिया सुचवली आणि 'एकदाचे करून टाकू' म्हणत बाबा वाईला परतले. परंतु होकार कळवण्यापूर्वी दोघांनी हे पत्र शांतपणे वाचावे, ही विनंती.

सदऱ्याची बाही चढवताना बाबा थबकतात, कारण हात खांद्याच्या उंचीच्या आसपास आला की कळ येते आणि पूर्ण वर गेला की ती ओसरते. खांद्याच्या माथ्यावरच्या हाडाखाली, स्नायू हाडाला जोडणाऱ्या स्नायुबंधाला जागा अपुरी पडून तो घासला जातो, असे मानून ते हाड खालून तासण्याची पद्धत अमेरिकेतील डॉ. चार्ल्स नीर यांनी १९७२ मध्ये मांडली. तर्क इतका पटण्याजोगा आहे, की तो तपासून पाहण्याची घाई फारशी कोणाला वाटली नसावी.

पुढे ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, तीन गट केले गेले. एका गटाचे हाड तासले, दुसऱ्याच्या खांद्यात दुर्बीण घालून नुसते पाहिले, तिसऱ्यावर काहीच उपचार केले नाहीत. आणि आपले हाड तासले की नाही, हे पहिल्या दोन गटांतील रुग्णांना सांगितले नव्हते. सहा महिन्यांनी त्या दोन्ही गटांचे दुखणे जवळपास सारखेच कमी झाले होते. तिसऱ्या गटापेक्षा ते किंचित बरे होते, पण तो फरक रोजच्या व्यवहारात जाणवण्याइतका नव्हता. फिनलंडमधील चाचणीतही दोन वर्षांनंतर हाड तासण्याचा वेगळा फायदा दिसला नाही, आणि २०१९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मधून तज्ज्ञांनी ही शस्त्रक्रिया करू नये, अशी ठाम शिफारस केली. आई, शेजारच्या काकांना या शस्त्रक्रियेनंतर गुण आला हे खरेच आहे. फक्त तो हाड तासल्यामुळेच आला, असे म्हणता येत नाही.

पडल्यामुळे स्नायुबंध तुटला असता, तर गोष्ट निराळी होती. बाबांच्या अहवालात सूज व झीज आहे, आणि त्यांच्या वयात अशी झीज न दुखणाऱ्या खांद्यातही सापडते. शिवाय बाबांना मधुमेह आहे, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर खांदा आखडण्याची भीती अधिक.

म्हणून तीन महिने फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली रबरी पट्ट्याचे व्यायाम नेमाने करावेत. करताना थोडे दुखले तरी चालते. रात्री दुखणे वाढले, तर पट्ट्याचा ताण कमी करावा, व्यायाम सोडू नये. माळ्यावरचे डबे तूर्त आईने बाबांना काढायला सांगू नयेत. डॉक्टरांशी मी बोलते. तोवर तारीख घेऊ नये.

आपली,
मेधा