रताळ्याचा आजचा भाव छापता, तसा मागचाही छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

महाशिवरात्रीच्या तोंडावर आपल्या अंकात बाजारभावाच्या चौकटीत रताळ्याचा भाव ठळक टायपात आला. त्याच दिवशी सकाळी नऊच्या आत उचगावच्या कट्ट्यावर तिघांनी मला वेगवेगळं गाठून एकच गोष्ट विचारली, "काका, मिरगाला लावायला वेल कुणाकडं सांगून ठेवायचे?" तिघांच्याही हातात आपलाच अंक. मी चहा पाजला, उत्तर दिलं नाही. ते या पत्रात देतो.

मी शेतकऱ्याच्या घरातला, पण पोट भरलं बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात. १९८१ ला हेल्पर म्हणून लागलो, २०१७ ला सुपरवायझर म्हणून बाहेर पडलो. निर्णय घेताना माणूस कसा फसतो ते मी तिथं वाळूत शिकलो.

साच्याच्या वाळूत बेंटोनाइट नावाची चिकट माती, कोळशाची भुकटी आणि थोडं पाणी मिसळतात. पाणी साधारण तीन-चार टक्के. जास्त झालं तर ओतलेल्या लोखंडाच्या धगीनं त्याची वाफ होते, आणि ती बाहेर पडली नाही तर कास्टिंगच्या, म्हणजे ओतीव भागाच्या, पोटात पोकळी राहते, तोच ब्लोहोल. आमचे जुने मिस्त्री वाळू मुठीत आवळून बघत. गोळा मोडल्यावर कडा धारदार राहिली पाहिजे. तळव्याला वाळू चिकटली की समजायचं, ओली आहे. १९९३ च्या जुलैत आठ दिवस पावसानं उघडीप दिली नव्हती. भट्टी तयार, डिस्पॅचवाला डोक्यावर उभा. मिस्त्रींनी मूठ उघडून तळवा माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "थांब गा जरा, ही वाळू बदलूया." तळवा काळा झाला होता. मी म्हणालो, "ओता."

ब्लोहोल त्याच दिवशी दिसला असता तर मी जन्मभराचा शहाणा झालो असतो. पण तो दिसतो गिऱ्हाइकाकडं, लेथवर बोअर मारताना, महिना-दीड महिन्यानं. माल परत आला, मीटिंग झाली, आणि मी छातीठोकपणे सांगितलं की त्या दिवशी वाळू ठीक होती. खोटं बोलत नव्हतो हो, मला खरंच तसं आठवत होतं! मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त तळवा पुन्हा उघडून दाखवला.

त्याच आठवड्यात मी गणपत गल्लीतून एक वही आणली. कुठलाही मोठा निर्णय घ्यायचा तर आधी चार ओळी त्यात: तारीख, काय ठरवलं, का ठरवलं, घाई कोण करत होतं. शेवटी, आपलं बरोबर येईल याची रुपयात किती आणे खात्री. फार वर्षांनी हिशेब मांडला. चौदा आणे खात्रीनं लिहिलेले वीस निर्णय निघाले, त्यातले बरोबर आले अकरा. माझे चौदा आणे म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम नऊ! वही नसती तर मला ते वीसच्या वीस बरोबर आठवले असते.

आमच्या मालकांच्या टेबलाच्या काचेखाली एक कात्रण होतं. १७७२ साली प्रीस्टली या शास्त्रज्ञानं लंडनला असलेल्या बेंजामिन फ्रँकलिनना विचारलं, आलेली नोकरी घेऊ की नको? फ्रँकलिननी घे किंवा नको असं काहीच कळवलं नाही. लिहिलं ते असं: कागदाच्या मधोमध रेघ ओढ, एका बाजूला फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे, तीन-चार दिवस सुचेल तसं लिहीत जा, मग दोन्हीकडचं सारख्या वजनाचं खोडत जा. प्रीस्टलींनी नोकरी घेतली, आणि तीत असतानाच १७७४ साली त्यांना ऑक्सिजन सापडला. आम्ही भट्टीवाले, आम्हाला ऑक्सिजनचं अप्रूप.

पण कागदावर लिहून भागत नाही, कुठं थांबायचं तेही लिहावं लागतं. हे मला शेतातल्या पाण्याच्या बोअरनं शिकवलं. २००३ साली दादानं पाणाड्या आणला, तळहातावरचा नारळ उभा राहिला, जागा ठरली. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडची बोअर मारायची गाडी रात्री अकराला शेतात लागली. ३०० फुटांपर्यंत नुसता फुफाटा. गाडीवाला म्हणाला, अजून पन्नास. दादा म्हणाला, "एवढं घातलंय, आता सोडायचं?" तीनशेच्या खाली फुटाचा दर चढत जातो, हे आम्हाला आधीच सांगितलेलं होतं. पहाटे ५२० फुटांवर आम्ही दोघं भाऊ धुळीनं पांढरे होऊन बांधावर बसलो होतो, पाणी तेवढं डोळ्यांत.

दुसऱ्या खेपेला वहीत लिहिलं: ३०० ला थांबायचं. पैसे आणि वही दोन्ही वहिनींच्या पदरात दिले. तीनशे झाले. दादानं तोंड उघडायच्या आत वहिनी गाडीवाल्याला म्हणाल्या, "गाडी काढा." पुढं शेजारच्या रानात ३४० ला पाणी लागलं, आणि तो शेजारी अजून आम्हाला हसतो. हसू दे. आमच्याकडं ३४० ला लागलं असतं का, ते देवाला ठाऊक. पण त्या रात्री आम्हाला जेवढं कळत होतं, तेवढ्यावर वहिनींचं बरोबर होतं. दादा हे अजून मानत नाही.

आता रताळं. एका सालात भाव चांगला मिळाला म्हणून पुढच्या मिरगाला आम्ही दोन एकरांत वरंबे ओढले. त्या वर्षी वेलच मिळेनात. दरवर्षी मागेल त्याला फुकट वेल देणारे पाहुणे भाऱ्याला पैसे मागू लागले. तिथंच कळायला हवं होतं: वेल महागले म्हणजे उचगावपासून बेक्किनकेरेपर्यंत सगळ्या तांबड्या मातीत रताळं जाणार. आम्ही उलटा अर्थ काढला, की एवढी मागणी आहे म्हणजे पीक सोन्याचं! काढणीला भाव असा पडला की काढणाऱ्या बायकांची मजुरीही निघेना. शेवटच्या चार वरंब्यांत आम्ही म्हशी सोडल्या.

नातीच्या बी.कॉम.च्या पुस्तकात याची आकृती आहे. यंदाचा भाव बघून सगळे पेरतात, पुढच्या साली भाव पडतो, मग सगळे सोडतात आणि भाव पुन्हा चढतो. रेघांचं कोळ्याचं जाळं होतं, म्हणून काल्डोर नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९३४ साली त्याला 'कॉबवेब' नाव दिलं. नातीला ते पाच मार्कांना होतं. आम्हाला दोन एकरांना पडलं.

तर विनंती अशी. भावाच्या चौकटीत आजच्या आकड्याशेजारी त्याच आठवड्याचे मागच्या पाच वर्षांचे भाव द्या, आणि बाजार समितीत पोती किती आली तेही. जूनमध्ये जमलं तर वेलाच्या भाऱ्याचा दर छापा. जागा थोडीच लागेल. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तिथं आम्ही फक्त वाट बघू शकतो. दोन एकरांत काय लावायचं ते मात्र आमचं आम्हालाच ठरवायचं असतं, आणि तेवढ्यापुरता आकडा समोर हवा.

माझ्याकडं २००९ पासूनची आपल्याच अंकातली रताळ्याच्या भावाची कात्रणं आहेत, वहीत चिकटवलेली. मधली दोन वर्षं वाळवीनं खाल्ली. बाकी हवी असतील तर सांगा, शनिवारी बाजाराला येतो तेव्हा कार्यालयात आणून देईन. फक्त वही परत पाहिजे.

आपला,
एक निवृत्त फाउंड्री सुपरवायझर
उचगाव, ता. बेळगाव