खोंडाला लाख, गाईला काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

खरसुंडीच्या पौषी यात्रेतल्या खिल्लार या देशी जातीच्या खोंडांचे फोटो आपण छापलेत, बघून बरं वाटलं. पण एकाही फोटोत गाय नव्हती. छायाचित्रकाराची यात काही चूक नाही. बाजारात गाय बघायला जातंय कोण?

आमच्या माणदेशात खिल्लार टिकलं ते कोरडवाहू रानामुळं. कडब्यावर राहणारा आणि भर उन्हात औत ओढणारा बैल दुसरा नव्हता. ट्रॅक्टर आला आणि औत सुटलं. मग 2014 मध्ये बैलगाडा शर्यतींवर बंदी आली. डिसेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अटी घालून शर्यतींना परवानगी दिली, मे 2023 मध्ये घटनापीठानं त्यामागचा कायदाही वैध ठरवला. तेव्हापासून खोंडाला पुन्हा गिऱ्हाईक आहे. चपळ आदत, म्हणजे अजून दुधाचे दात असलेला खोंड असेल तर टॉवेलखाली बोटं दाबून लाखांत सौदा होतो. शर्यतीला माझा विरोध नाही, मीही बघायला जातो. पण शर्यतवाल्याला तयार खोंड हवा असतो. त्याला जन्म देणारी गाय दोन-अडीच लिटर दूध देते, तेही वासरू पिऊन उरलं तर. ती असते दोन-तीन एकरवाल्याच्या दावणीला. तिला खोंड झाला तर पेढे, कालवड झाली तर घरात सगळे गप्प.

मागच्या उन्हाळ्यात माझी गाय माजावर आली. पूर्वी गावात देवाला सोडलेला वळू फिरायचा, आता नाही. दवाखान्यात फोन केला, तर कंटेनरमध्ये एचएफ आणि जर्सी या विदेशी जातींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या होत्या, खिल्लारची एकही नाही. ‘हीच भरा, दूध तरी वाढेल,’ असं मला समजुतीनं सांगण्यात आलं. माज काही माझ्यासाठी थांबणार नव्हता. टेम्पो केला, अकरा किलोमीटरवर एकाच्या दारात वळू होता, तिथं गाय नेली. टेम्पोचं भाडं वेगळं, भरवायचे पैसे वेगळे. गाय उलटली, गाभण राहिली नाही. एकवीस दिवसांनी पुन्हा तोच टेम्पो. मला हौस आहे म्हणून एवढं केलं. शेजाऱ्यानं त्याच आठवड्यात आपल्या खिल्लार गाईला जर्सी भरवली. त्याला कोणत्या तोंडानं नावं ठेवू?

2019 च्या पशुगणनेत देशातला देशी गोवंश आधीच्या गणनेपेक्षा 6 टक्क्यांनी घटल्याचं दिसलं आणि संकरित जनावरं वाढली. ही घट अशी एकेका माजानं होते.

30 सप्टेंबर 2024 रोजी राज्य सरकारनं देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ म्हणून जाहीर केलं. गोशाळांना दर देशी गाईमागे रोज 50 रुपये द्यायचंही ठरलं. गोशाळांशी माझं वैर नाही, भाकड जनावरांची सोय कुठं तरी व्हायलाच हवी. पण जात टिकते ती चांगली गाय निवडून, चांगल्या वळूकडून भरवून आणि तिची कालवड वाढवून. हे काम शेतकऱ्याच्या गोठ्यात होतं. आज मी गाय सांभाळली तर मला त्यातला एक रुपया नाही, तीच गोशाळेत नेऊन सोडली तर तिच्या नावानं रोज 50 रुपये. याला संवर्धन कसं म्हणायचं?

बरं, पैसे योग्य दारात पोचवायची सोय आयतीच आहे. 1 जून 2024 पासून कानात बिल्ला असल्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही. बिल्ल्यावर बारा आकडी नंबर असतो. जातिवंत गाय व्याली, डॉक्टरांनी वासरू बघितलं, बिल्ला मारला, की मालकाच्या खात्यावर पैसे जमा करा. कालवडीला खोंडापेक्षा जास्त द्या, म्हणजे ती दोन वर्षं दावणीला राहील. चार-पाच गावांत मिळून एक निवडक वळू ठेवा आणि सांभाळणाऱ्याला वैरणीचा खर्च द्या. मात्र ठरावीक वर्षांनी वळूचं गाव बदलायला हवं, नाहीतर तो स्वतःच्याच कालवडींवर जाईल. आणि निदान खिल्लारच्या पट्ट्यात तरी दवाखान्याच्या कंटेनरमध्ये खिल्लारची कांडी असावी! गायरानं कुठं गेली, हा वेगळा विषय आहे, त्यावर पुन्हा कधी तरी लिहीन.

हेच माप सगळीकडे लावा, असंही मी म्हणत नाही. अकोले-इगतपुरीच्या धुवाधार पावसात चिखलात राबणारी डांगी जात वेगळी, दूध आणि काम दोन्ही देणारी देवणी वेगळी. त्यांच्या अडचणी तिथल्या गोठ्यांतच जाऊन विचाराव्या लागतील.

पुढच्या यात्रेला आपला प्रतिनिधी येईल, तेव्हा खोंडाचा भाव विचारून झाल्यावर त्याची आई कुणाच्या दावणीला आहे, हेही त्यानं विचारावं. जमलं तर तिचाही एक फोटो छापावा.

आपला,
एक पशुपालक वाचक
ता. आटपाडी, जि. सांगली