थेरं नव्हेत ती

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी 31 वर्षे माध्यमिक शाळेत शिकवलं. नववीतली एक मुलगी मनगटाला कायम रुमाल बांधून यायची. विचारलं तर म्हणाली, "मांजरानं ओरबाडलं, बाई." त्यांच्या घरी मांजर नव्हतं. मी त्यांच्याच आळीत राहायचे, मला ते ठाऊक होतं. तरी मी पुढे काही विचारलं नाही.

दोन महिन्यांनी स्टाफरूममध्ये, आठ-दहा शिक्षकांसमोर तिला तो रुमाल सोडायला लावला. आईवडिलांना बोलावणं गेलं. शाळेची बदनामी नको, दाखला काढून न्या, असं सुचवलं गेलं. वडील तिथेच ओरडले, "काय ही थेरं!" ती रडली नाही. रुमालाची घडी घालत उभी राहिली. घातली, मोडली, परत घातली.

स्वतःला इजा करून घेणाऱ्या पुष्कळ मुलांना त्या क्षणी मरायचं नसतं, हे मला फार उशिरा कळलं. आत दाटलेलं सोसवत नाही, कुणाला सांगता येत नाही, त्यापेक्षा अंगावरचं दुखणं सोपं वाटतं. घटकाभर सुटल्यासारखं होतं, मग लाज वाटते आणि त्या लाजेपायी पुन्हा तेच. आम्ही त्या दिवशी तिच्या लाजेतच भर घातली. हे वेळीच थांबलं नाही तर पुढे जिवाचा धोका वाढतो, म्हणून 'वयाचा दोष' म्हणून सोडून देणंही तितकंच चूक.

विचारलं तर पोरांच्या डोक्यात नको ते भरेल, अशी भीती मलाही होती. ती खोटी आहे. एकांतात जवळ बसवून सरळ विचारावं, "फार त्रास होतो तेव्हा स्वतःला काही करून घेतेस का? जगूच नये असं वाटतं का?" आणि मग आपण गप्प बसावं. 'पुन्हा करणार नाही, माझी शपथ घे' असं तर मुळीच म्हणू नये. शपथ मोडली की मूल अधिकच लपवतं.

2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी स्वतःचा जीव घेतल्याची सरकारी नोंद आहे. त्यातले सर्वाधिक, 1,764, आपल्या महाराष्ट्रातले. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांना प्रशिक्षित समुपदेशक नेमायला सांगितलं. माझ्या पाहण्यात मात्र ज्यांचे तास कमी, त्या शिक्षकाच्या नावापुढे 'समुपदेशक' लिहून मोकळे होतात. पालकसभेत पालकांनी याचा जाब विचारायला हवा.

केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही मिळते. माझ्या ओळखीतल्या दहा पालकांपैकी एकालाही तो क्रमांक माहीत नव्हता. निकालाच्या दिवशी आपल्या पहिल्या पानावर गुणवंतांचे फोटो असतात. त्यांच्या शेजारी हा क्रमांक ठळक छापाल का?

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)