ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी तपासणी होऊ द्या, जमेल तेवढा हातभार लावा

राम राम मंडळी. आपल्या तालुक्याच्या महिला मंडळाकडून हे आवाहन आहे. मेसेज लांबलाय पण शेवटपर्यंत वाचा, आणि घरात कुणी बघेल म्हणून लगेच डिलीट करू नका, विषय घरातलाच आहे.

दसरा झाला की आपल्या बीड जिल्ह्यातल्या टोळ्या निघतील. उचल (आगाऊ पैसे) घेऊन झालीय, कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, आणि मग पाच-सहा महिने सांगली-कोल्हापूरकडं नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर. त्याच्या आधी गावोगावच्या ऊसतोड बायांची आणि त्यांच्या नवऱ्यांची लैंगिक आजारांची तपासणी करून घ्यायची असं मंडळानं ठरवलंय. म्हणजे गरमी (सिफिलिस), परमा (गोनोरिया), एचआयव्ही, शिवाय अंगावरून पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, जागेवर फोड-जखम, लघवीला जळजळ, ज्याला आपण "अंगावरचं दुखणं" म्हणून वर्षानुवर्षं दाबून ठेवतो ते सगळं.

आता लगेच कुणीतरी विचारणार की सरकारी दवाखान्यात हे फुकट असतं मग वर्गणी कशाला. बरोबर आहे, फुकटच असतं. जिल्हा रुग्णालयात या आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक आहे, एचआयव्हीची टेस्ट फुकट, गोळ्यांची किट फुकट, तक्रारीप्रमाणे वेगवेगळ्या रंगाच्या पाकिटात मिळतात. गरमीवर तर पेनिसिलिनचं इंजेक्शन आहे, सुरुवातीलाच आजार कळला तर एका डोसात काम होतं. औषधाचा प्रश्नच नाही हो. प्रश्न आहे वस्तीवरून तालुक्याला जायचं कसं, त्या दिवसाची मजुरी कोण देणार, पोरं कुणाकडं ठेवायची, आणि तिथं पुरुष डॉक्टर असला तर बाई तोंड उघडणार का. आणि एकदा फडावर गेलं की विषयच संपला, एक दिवस दवाखान्यात गेलं की खाडा, मुकादम पैसे कापतो, कुठं ५०० कुठं त्याहून जास्त, मग बाई मेडिकलवरून दोन गोळ्या आणते, बरं वाटलं की बंद करते. अर्धवट गोळ्यांनी आजार दबतो, जात नाही, आणि परम्याच्या जंतूंवर तर आता जुन्या कितीतरी गोळ्या चालेनाशा झाल्यात, हे सगळ्या जगातच झालंय.

यातून पुढं काय होतं ते आपल्या जिल्ह्याला कुणी सांगायची गरज नाही. २०१९ मध्ये ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याचं पेपरात आलं, विधान परिषदेच्या नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली, ८२ हजारांवर ऊसतोड बायांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांवर बायांची गर्भपिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी तिशी-पस्तिशीच्या आतल्या. सगळ्याच ऑपरेशनांमागं लैंगिक आजार होता असं आम्ही म्हणत नाही, काहींना खरंच गरज असेल. पण पांढरं जातंय, पोट दुखतंय म्हणून बाई गेली आणि "पिशवी खराब झालीय, काढली नाही तर कॅन्सर होईल" असं ऐकून आली, ही गोष्ट तुमच्या भावकीत नसेल तर शेजारच्या घरात असेल. जे दुखणं गोळ्यांनी बरं होण्यासारखं होतं त्यासाठी उचल संपली, वर कर्ज झालं, आणि कंबरदुखी, अंगातून वाफा निघणं हे सगळं ऐन तारुण्यात मागं लागलं ते वेगळंच.

कॅन्सरचं पण एकदा नीट समजून घ्या. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होतो तो बहुतेक एचपीव्ही नावाच्या विषाणूनं, तो संबंधातूनच पसरतो, पण कॅन्सर व्हायला वर्षानुवर्षं लागतात आणि तिशीनंतर साधी तपासणी करून आधीच पकडता येतो, पिशवीच्या तोंडाला ॲसिटिक ॲसिड लावून बघतात, काही मिनिटांचं काम. नुसतं पांढरं जातंय म्हणजे कॅन्सर नाही. आणि प्रत्येक पांढरं जाणं हा लैंगिक आजार पण नाही, थोडं जाणं नॉर्मल असतं, कधी साधं बुरशीचं इन्फेक्शन असतं, फडावर ना संडास ना पुरेसं पाणी, पाळीत तोच कपडा धुऊन परत, म्हणून कुणी कुणावर बोट दाखवू नका. डॉक्टर बघून सांगतील काय आहे ते.

आता पुरुष मंडळींसाठी, कारण खरी गाडी इथंच अडते. बायकोला गोळ्या दिल्या आणि नवऱ्यानं घेतल्या नाहीत तर महिन्याभरात दुखणं परत हजर. दोघांनी एकाच वेळी उपचार घ्यायचे, उपचार पूर्ण होईपर्यंत संबंध टाळायचा, नंतर कंडोम. कुणी कुणाला दिला हा पंचायतीचा विषय नाही. काही आजारांत तर, जसं की क्लॅमिडिया, बाईला बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही आणि आतल्या आत नळ्या खराब होतात, मग मूल राहत नाही म्हणून बोलणी कुणाला बसतात ते माहितीय सगळ्यांना. एसटी स्टँडच्या मुतारीत चिकटवलेल्या "गुप्तरोग, खात्रीशीर इलाज" वाल्याकडं हजारो रुपये घालवणारे आपलेच भाऊबंद आहेत, त्यांनी मुकाट्यानं सुरक्षा क्लिनिकला यावं, पैसे वाचतील.

आणि पोटुशी बाई असेल तर तिला पहिल्यांदा आणा. आईला गरमी असली आणि कळलीच नाही तर मूल पोटातच जाऊ शकतं नाहीतर आजार घेऊन जन्मतं. गरोदरपणात वेळेत इंजेक्शन दिलं तर हे टळतं. बाई ऐन दिवसांत फडावर असते, तपासण्या बुडतात, म्हणून निघायच्या आधीच रक्त तपासायचंय, आणि रिपोर्ट, पुढची तारीख लिहिलेला कागद तिच्या हातात द्यायचाय म्हणजे तिकडच्या दवाखान्यात दाखवता येईल.

पैसे कशाला लागणार ते सांगतो, हिशोब नंतर ग्रुपवर टाकूच. वस्तीवरून दवाखान्यापर्यंत गाडीभाडं, येणाऱ्या जोडप्याची त्या दिवसाची मजुरी, लेडी डॉक्टरचं मानधन, चहा-नाष्टा, पोरं सांभाळायला दोन बाया. एका जोडप्यामागं साधारण १,००० रुपये धरलेत. पूर्ण जमत नसेल तर १०० द्या, ५० द्या, पॅड आणि साबण दिलेत तरी चालेल. खात्याचा क्यूआर ग्रुपवर पिन केलाय, कॅश देणाऱ्यांनी पावती मागून घ्या, लाजू नका. मुकादम लोकांना स्पेशल विनंती, तुमच्या टोळीला एक दिवस सोडा आणि सीझनमध्ये दवाखान्यासाठी खाडा धरू नका, ही मदत आम्हाला पैशापेक्षा मोठी आहे.

नावाची काळजी करू नका. फोटो काढणार नाही, यादी कुठं लावणार नाही, बॅनरवर लाभार्थी वगैरे काही नाही. (देणगीदारांनो, तुमचा पण फोटो नाही, माफ करा.) एचआयव्हीची टेस्ट ज्याच्या त्याच्या मर्जीनंच होते, २०१७ चा कायदाच आहे तसा, आणि रिपोर्ट परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगता येत नाही. गावात कुणाशी बोलायचं नसेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, फुकट आहे.

माणसं पण पाहिजेत. आशाताई सोबत आहेतच, पण पुरुषांशी बोलायला चार-पाच पुरुष स्वयंसेवक लागतील, थट्टा न करणारे. पिकअप किंवा जीप असेल त्यांनी या रविवारपर्यंत मंडळाच्या ऑफिसला नाव द्या, डिझेल आम्ही टाकू, ड्रायव्हर तुमचा.